दहापैकी किती दुखतं, मामा?

मामा, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल काही सांगायचा मान मामीचा आहे, नाहीतर तुमच्याबरोबर जन्मभर मेंढरं वळलेल्या माणसांचा. त्यांना लिहिता येत नाही आणि मला येतं, एवढ्याच बळावर मी कागद पुढं ओढलाय. हे बरोबर आहे असं मला वाटत नाही. त्यात तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी वही हातात घेऊन तुम्ही म्हणायचात, "लई मुंग्या सोडल्यास बे कागदावर." आज परत सोडतोय. तुम्ही नसताना तुमच्याशी बोलायची दुसरी रीत मला ठाऊक नाही.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे होत आले. या तीन आठवड्यांत मी फार थकलो. रडून नाही, उत्तरं देऊन. दहाव्याला माणसं आली, तेराव्याला आली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पायानंच गेला का रं मामा?" मी सांगायचो, पायानं माणूस जात नाही, हृदय बंद पडलं. समोरचा मान हलवायचा, पण त्याचं समाधान झालेलं नसायचं. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता. घोट्यात लोखंड घालायला लावलं कुणी?

मी लावलं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही, पण माझी खात्री होती की मी चुकीचा सल्ला दिला आणि त्या चुकीवर पाय टाकत तुम्ही सहा वर्षं काढलीत. मला हे एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. चुकलास म्हणाला असतात तरी चाललं असतं. तुम्ही काहीच न म्हणता गेलात.

लहानपणचं एक आठवतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्या वाड्यावर यायचो. वाडा म्हणजे काय, कुणाच्या तरी रानात लावलेली जाळी, आत मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल. एका सकाळी नवी कोकरं डालग्याबाहेर काढली होती आणि मी बोट दाखवत मोठ्यानं मोजायला लागलो. एक, दोन, तीन. चौथ्याला तुम्ही धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवलात. हाताला लोकरीचा वास होता.

"मोजू नको बे!"

"कावून?"

"नजर लागती."

"मी काय वाईट बघतो का त्यांच्याकडं?"

तुम्ही हसलात. "वाईट बघनाऱ्याची न्हाई लागत येवढी. माया करनाऱ्याची लागती. तुझी मामी बग, पोराला घास भरवताना त्याच्याकडं न बगता तिकडं तोंड करती का न्हाई?"

खरंच मामी तिकडं तोंड करायची. मेंढरं किती म्हणून कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "हायत दोन-चार." मागं सगळं शिवार पांढरं दिसत असायचं, तरी दोन-चार. विचारणाराही हसायचा आणि पुढं जायचा. ही रीत होती. मी पुढं शिकत गेलो, सगळंच मोजायला लागलो, आणि ही रीत विसरलो.

घोट्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, पण मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. घाट उतरताना एक मेंढी कडेला गेली, तिला धरायला तुम्ही वळलात आणि पाय दगडाच्या सापटीत अडकला. हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पुढची दहा-बारा वर्षं तुम्ही त्याच घोट्यावर दुष्काळ बघितले, गावं पालथी घातली. मी बारावीला असताना तुमची अशी अवस्था होती की सकाळी उठताना जाळीचा खुंट धरून उभं राहायचात आणि पहिली दहा पावलं दात दाबून टाकायचात. चालायचं थांबलात की तो पाय उचलून दुसऱ्याच्या गुडघ्याला टेकवायचात आणि काठीवर भार देऊन एका पायावर उभे राहायचात. लांबून सगळ्यांना वाटायचं, मेंढक्याची सवय. ती सवय नव्हती.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. दोन हाडांच्या मधली गादी पार झिजली होती, हाड हाडावर घासत होतं. ते म्हणाले, दोन रस्ते आहेत. एक, सांधा कायमचा जाम करायचा. दुखणं जाईल, पण घोटा वाकणार नाही. दुसरा, सांधा बदलायचा. वरखाली धातू, मधे प्लास्टिकची चकती. घोटा वाकेल. पण नवा सांधा जपावा लागतो, दरवर्षी एक्स-रे काढावा लागतो. पहिली काही वर्षं बहुतेकांची बरी जातात. पुढं काहींचा सांधा ढिला होतो, काहींच्या हाडात धातूच्या कडेनं पोकळी पडते, मग परत उघडावं लागतं.

"माझं विचाराल तर यांचा जाम करू," ते म्हणाले. "दिवसभर दगडाधोंड्यातून हिंडणारा माणूस आहे."

मी वर्गात करतात तसा हात वर केला. आज आठवलं की लाज वाटते. "सर, जाम केला तर उकिडवं बसता येईल का? मेंढी व्यायला लागली तर बसावं लागतं. आणि घाट?"

"अवघड आहे," ते म्हणाले. "विचार करून सांगा."

बाहेर लिंबाच्या सावलीत आपण चौघं बसलो. आई माझ्यावर उखडली होती. "आमच्यात कुनी कालेजची पायरी चढलं न्हाई आन हे पोरगं डाक्टरला शिकवायलंय." मामी म्हणाली, "जाम करा न्हाईतर तसाच ऱ्हाऊ द्या. अंगात लोखंड घालून घेतंय का कुनी?" तुम्ही तंबाखू मळत होतात. मळून झाल्यावर माझ्याकडं बघितलंत.

"तू वाचलास ना ह्याच्यावर?"

मी मोबाइलवर चार पानं वाचली होती. "हो."

"मग तू सांग."

"बदलून घ्या."

"बरं," तुम्ही म्हणालात.

तो 'बरं' अजून माझ्या छातीवर बसून आहे. सतरा वर्षांच्या पोराला विचारून कुणी पाय कापायला देतं का, मामा? पण तुम्ही दिलात. आयुष्यात तोपर्यंत कुणी माझ्या शिकण्यावर एवढा भार टाकला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. प्लास्टर निघालं, मग दोन दांड्यांच्या मधून चालायचं शिकवायला फिजिओथेरपीच्या ताई यायच्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आजोबा, टाच आधी टेकवा." तुम्ही तिथंच थांबलात. "आजोबा कुनाला म्हनती गं? मेंढरामागं पळ माझ्यासंगं, मग कळंल." त्या हसून दांडीला धरून खाली बसल्या. नंतर त्या तुम्हाला मामाच म्हणायला लागल्या.

मग दरवर्षीची तपासणी. एक्स-रे, आणि एक कागद, जो मी भरायचो. त्यात एक पट्टी होती, शून्यापासून दहापर्यंत. शून्यावर हसणारं तोंड, दहावर रडणारं, मधे बाकीची. ताई विचारायच्या, "दहापैकी किती दुखतं, मामा?" पहिल्या वर्षी तुम्ही पट्टीवरून बोट फिरवलंत, सहाच्या तोंडावर थांबलात आणि म्हणालात, "हे तोंड आपल्या सरपंचासारखं हाय बग." सगळे हसले. मी सहा लिहिलं. पहिलं वर्ष आहे, दुखणारच, असं डॉक्टरही म्हणाले.

दुसऱ्या वर्षी सहा. तिसऱ्या वर्षी सहा. डॉक्टर पाय हातात घेऊन वाकवून बघायचे आणि कोड्यात पडायचे. सूज नाही, घोटा छान वाकतो, एक्स-रेत सांधा जागच्या जागी आहे, मग सहा कसं? त्यांनी रक्त तपासलं, सांध्यात जंतू गेलेत का ते बघितलं. काही सापडलं नाही. गोळ्या लिहून दिल्या. मी प्रत्येक वेळी कागदावर सहा लिहायचो आणि परतीच्या एसटीत तुमच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघायचो. तुमच्याकडं बघवायचं नाही.

गावातही तेच. पारावर कुणी विचारलं, "काय पाटील, पाय काय म्हनतो?" की तुम्ही कण्हत बसायचात. "हाय तसाच." श्रावणात सगळे कपिलधारला दर्शनाला गेलो तर तुम्ही पायऱ्या चढला नाहीत, खाली चपलांपाशी बसून राहिलात. मामी तुमच्याशिवाय वर जाऊन आली. मी तिथला धबधबा बघितलाच नाही. मी वरून तुमचा फेटा बघत होतो.

काही गोष्टी मात्र या सगळ्यात बसत नव्हत्या. मला त्या तेव्हा दिसल्या आणि मी सोडून दिल्या. पाटोद्यात पदवी झाली, एक वर्ष घरी गेलं आणि मग एम.एस्सी.ला अंबाजोगाईत नंबर लागला, तेव्हा मला सोडायला तुम्ही आलात. स्टँडवर उतरल्यावर माझी लोखंडी पेटी तुम्ही डोक्यावर घेतलीत. मी मागं पळत ओरडतोय, "मामा, ठेवा खाली, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय." तुम्ही न वळता म्हणालात, "वजन कुठं हाय? पुस्तकंच हायत." होस्टेलच्या दारापर्यंत नेलीत. तिथल्या पहारेकऱ्याला सांगितलंत, "माझा भाचा हाय, लई शिकलाय, जरा खायला बिगीनं देत जा." मला इतका अभिमान आणि इतकी लाज एकदम कधी वाटली नव्हती. त्या गडबडीत तुमच्या चालण्याकडं माझं लक्षच गेलं नाही. आणि एकदा गावी येताना एसटीतून लांब माळावर एक मेंढका दिसला. फेटा तुमच्यासारखा, चढावर मेंढरांच्या पुढं निघून त्यांना वळवत होता. मी म्हटलं, मामा नसणार. तो लंगडत नव्हता.

पाचव्या वर्षी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "पाच वर्षं झाली. इथून पुढं खरं लक्ष ठेवायचं. हाडात कडेला किंचित काळं दिसतंय, आत्ता काळजी नाही. पण दुखणं पहिल्यापासून इतकंच आहे. पुढच्या वेळीही सहाच असेल तर उघडून बघू. गरज पडली तर हा काढून जाम करून टाकू."

म्हणजे जे पहिल्यांदा करायचं होतं तेच. मधली वर्षं फुकट गेली, आणि एक जास्तीची कापाकापी. हे सगळं माझ्या एका वाक्यामुळं. मी तुम्हाला बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "चल" म्हणालात.

दिवाळीला आपलं भांडण झालं. मी सहाव्या वर्षाच्या तपासणीचा कागद घेऊन वाड्यावर आलो होतो. तुम्ही मेंढीच्या खुरातला काटा काढत होतात. उकिडवं बसून काढत होतात, हे मी आज लिहिताना बघतोय.

"मामा, सोमवारी जायचंय."

"मी न्हाई येत."

"कावून?"

"मला उघडायचा न्हाई."

"मग सोसत बसा जन्मभर."

"तुला कोन म्हनलं मी सोसतोय?"

"तुम्हीच म्हणता! दरवर्षी सहावर बोट कोण ठेवतं?"

तुम्ही काटा काढून टाकलात. मेंढीला सोडलंत. काही तरी बोलायला तोंड उघडलंत आणि इकडंतिकडं बघून मिटलंत. मला राग आला. मी म्हणालो, "त्या दिवशी माझं ऐकलंत तिथंच चुकलं. मी गप बसायला पाहिजे होतं."

तुम्ही काठी घेऊन उठलात. "जा, तुजी गाडी चुकंल."

समोरासमोरचं हे आपलं शेवटचं बोलणं. नंतर फोनवर दोनदा बोललो. मी विचारलं, पाय कसा आहे. तुम्ही म्हणालात, "हाय तसाच." मग मेंढरांना हाक मारल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तुम्ही गेलात तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये होतो. बाहेर आलो तर आईचे अकरा मिस्ड कॉल. पाटोद्याच्या पलीकडं कुणाच्या रानात मेंढरं बसवली होती, जेवून उठलात आणि छातीला हात लावून परत खाली बसलात, इतकंच मामीनं सांगितलं. मी पोचलो तेव्हा अंघोळ घालायची वेळ झाली होती. कुणी तरी तांब्या माझ्या हातात दिला. मी पायाशी होतो. घोट्याच्या पुढून सरळ खाली आलेला तो व्रण, त्यावरून मी पाणी घातलं. मला माफी मागायची होती, पण एवढ्या माणसांत घोट्याची माफी कशी मागतात ते कळेना.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. राखेत तो सांधा निघाला. दोन तुकडे, काळे पडलेले, बाकी जसेच्या तसे. मधली चकती जळून गेली होती. सगळे वाकून बघायला लागले. एकानं काठीनं उलटा केला आणि म्हणाला, "हेच का ते?" दोन-तीन जणांनी माझ्याकडं बघितलं. अस्थींबरोबर तो पाण्यात सोडावा की नाही, यावर म्हाताऱ्यांचं एकमत होईना. आपल्यात हे याआधी कधी झालंच नव्हतं. शेवटी मी तो उचलून रुमालात बांधला. माझंच होतं ते. मीच आणलं होतं.

तेराव्यानंतर मामीनं तुमची पेटी उघडली. फेटा, कात्री, बॅटरी, आणि खाली एका पिशवीत गोळ्या. दुखण्याच्या सगळ्या गोळ्या, दरवर्षीच्या, एकही पाकीट फोडलेलं नाही. मी तिथंच बसलो. मला वाटलं, तुम्ही सगळं दुखणं तसंच अंगावर काढलंत, आणि ते मला दाखवलंही नाहीत. मामी म्हणाली, "घेत नव्हते ते." मी विचारलं, का? ती पेटीकडं बघत म्हणाली, "जाऊ दे आता." मला वाटलं ती मला वाचवतेय.

काल दुपारी अंबाजोगाईत मेसच्या रांगेत उभा होतो. दवाखान्यातून फोन आला, त्याच ताईंचा. कागदावर माझा नंबर आहे. म्हणाल्या, "मामांचा रिपोर्ट कधीचा तयार आहे, कुणी न्यायलाच आलं नाही."

"कसला रिपोर्ट?"

"दिवाळीनंतर आले होते ना तपासणीला. एकटेच आले होते."

मी रांगेतून बाहेर आलो आणि तुम्ही गेल्याचं त्यांना सांगितलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, त्यांना तुमच्या कागदावर शेवटचं लिहावं लागेल. मी विचारलं, काय लिहिता? "रुग्ण वारले, सांधा शाबूत होता," त्या म्हणाल्या. "धातूच्या कडेला हाडात बारीक पोकळी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. पुढच्या वर्षी परत बघू म्हणाले होते सर. पण सांधा तसूभर हलला नव्हता."

"आणि दुखणं?" मी विचारलं. "सहाच ना?"

"नाही. शून्य."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद असेल. मी तुमचं नाव परत सांगितलं. त्या म्हणाल्या, तेच. त्यांनीही तुम्हाला विचारलं होतं, पाच वर्षं सहा आणि आज एकदम शून्य कसं? तर तुम्ही आधी उठून खोलीचं दार लावून घेतलंत. मग खुर्चीवर बसून, हळू आवाजात जे सांगितलंत ते ताईंनी मला तुमच्याच शब्दांत सांगितलं.

"ताई, दुसऱ्या सालापासनं शून्यच हाय. घाट चढतो, उतरतो, कायबी न्हाई. आता तुमी उघडायचं म्हनता म्हनून सांगावं लागतंय. पर हे माज्या भाच्याला कळवू नका. त्यानंच हा पाय दिलाय मला, लई माया हाय त्याची. त्याचीच नजर लागंल."